फुटपाथची तपासणी कशी होते आणि आपण ती कशी करून घ्यायची

मागच्या पावसाळ्यात आमच्या सासूबाई फुटपाथवर पडल्या. घरापासून दीडशे पावलांवर, सकाळी दूध आणायला गेल्या होत्या, सिमेंटच्या ब्लॉकवर पाय दिला तर तो एका बाजूनं खाली गेला आणि दुसऱ्या बाजूनं वर आला, त्या वर आलेल्या कडेला दुसरा पाय अडकला. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. नंतर जाऊन बघितलं तर दोन महिन्यांपूर्वी केबल टाकणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी तिथं चर मारला होता आणि काढलेले ब्लॉक नुसत्या मातीवर परत मांडून ठेवले होते, खाली वाळू नाही, खडी नाही, काही नाही. वरून बघितलं तर फुटपाथ एकदम व्यवस्थित.

त्यानंतर वर्षभर मी या एकाच विषयाच्या मागे आहे, ऑफिसात गेले, इंजिनिअर साहेबांशी बोलले, मिस्त्री लोकांच्या शेजारी उभी राहून ब्लॉक कसे बसवतात ते बघितलं. जे कळलं ते लिहून ठेवते, म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून सुरुवात करायला नको. मी सांगलीतली आहे म्हणून सांगलीचं जास्त येईल, साताऱ्याचं जिथं वेगळं आहे तिथं सांगते.

पहिली गोष्ट, हे काम कुणाचं. आपली सांगली मिरज कुपवाड महापालिका ९ फेब्रुवारी १९९८ ला झाली, तिला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ लागू आहे, आणि त्याच्या कलम ६३ मध्ये पालिकेनं जी कामं करायलाच पाहिजेत त्यांची यादी आहे, त्यात सार्वजनिक रस्ते बांधणं, त्यांची देखभाल करणं आणि रस्त्यावरचे अडथळे काढणं हे सगळं येतं. साताऱ्यात नगरपरिषद आहे त्यामुळं तिथं १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा, कलम ४९. म्हणजे फुटपाथ दुरुस्त करून मागणं ही काही मेहेरबानीची मागणी नाही, एवढं डोक्यात ठेवून ऑफिसात जा, आवाज चढवायची गरज पडत नाही.

पण शहरातला प्रत्येक रस्ता पालिकेचाच असतो असं नाही हं. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडं असतात, काही राष्ट्रीय महामार्गाकडं, आणि चुकीच्या ऑफिसात अर्ज दिला तर तो तिथंच टेबलावर पडून राहतो. म्हणून अर्ज लिहायच्या आधी प्रभाग समितीच्या ऑफिसात जाऊन एकच प्रश्न विचारायचा, "हा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे?" बांधकाम विभागातल्या कनिष्ठ अभियंत्यांना हे तोंडपाठ असतं.

आता तपासणी होते कशी. इंग्लंडमध्ये १९८० चा हायवेज अ‍ॅक्ट आहे, त्यातल्या कलम ४१ नं देखभालीची जबाबदारी तिथल्या स्थानिक संस्थेवर टाकलीय आणि कलम ५८ म्हणतं की आम्ही रस्त्याची वाजवी काळजी घेतली होती हे दाखवता आलं तर संस्थेला बचाव करता येतो. त्यामुळं तिथं प्रत्येक फुटपाथची ठरलेल्या काळानं पायी फेरी होते, तपासनीस तारीख टाकून नोंद करतो, आणि बऱ्याच ठिकाणी दोन फरशांमध्ये २० मिमीचा फरक झाला की ती जागा दुरुस्तीच्या यादीत जाते. नोंद नसेल तर कोर्टात त्यांचीच अडचण होते, म्हणून नोंद ठेवतात.

आपल्याकडं बहुतेक वेळा उलटं चालतं, आधी तक्रार येते, मग साहेब जागेवर येतात. पावसाळ्याआधी नालेसफाई आणि खड्डे बुजवायची गडबड असते, गणपतीच्या आधी मिरवणुकीचे रस्ते बघितले जातात, बाकी वर्षभर तुमच्या गल्लीतला सुटलेला ब्लॉक कुणाच्या नजरेला पडायचा तर तो तुम्हीच दाखवायचा. एका कनिष्ठ अभियंत्यांनी मला सरळ सांगितलं, "ताई, माझ्याकडं एवढा मोठा एरिया हाय, मी एकटा माणूस, रोज पाणी, गटार, रस्ता सगळं बघायचं, तुम्ही जागा आणि माप दिलं तर मी त्याच दिवशी येऊन जातो. नुसतं फुटपाथ खराब आहे म्हणलं तर मी शोधू कुठं?" मला हे पटलं. मला जे काही सांगायचंय त्याचं मूळ हेच आहे, तक्रार लिहू नका, तपासणीची नोंद लिहा. जी फेरी तपासनीसानं मारायची ती आपण मारायची आणि त्याच्या हातात कागद असा द्यायचा की त्याला फक्त जागेवर येऊन खात्री करायची बाकी राहील.

फेरीला निघताना पोराच्या कंपासमधली १५ सेंटीमीटरची पट्टी घ्या, एक मोजायची टेप, मोबाईल, आणि जमलं तर पाण्याची बाटली. वेळ सकाळची चांगली, ऊन तिरपं असतं त्यामुळं वर आलेल्या ब्लॉकची सावली पडते आणि उंचसखल लगेच डोळ्यात भरतं, भर दुपारी तेच सगळं सपाट दिसतं.

चालताना प्रत्येक संशयाच्या ब्लॉकच्या कोपऱ्यावर टाच देऊन वजन टाकायचं. पक्का बसलेला ब्लॉक हलत नाही आणि आवाज करत नाही. सुटलेला ब्लॉक आधी खट्ट वाजतो आणि मग डुगडुगतो, पावसाळा असेल तर जोडातून फचकन गढूळ पाणी उडतं, साडीवर चिखलाचे ठिपके पडतात ते तिथूनच. ते पाणी गढूळ असेल तर समजायचं खालची वाळू वाहून चाललीय. काठीनं किंवा छत्रीच्या टोकानं ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर खाली खड्डा पडलाय. सासूबाई पडल्या त्या जागेवर मिस्त्रीनं माझ्यासमोर ब्लॉक उचकटून दाखवला, खाली हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला. "हे बघा ताई, खाली कायच नाय, ब्लॉक नुसता शेजारच्या ब्लॉकच्या आधारानं उभा हाय," म्हणाला.

मग पट्टी उभी धरून दोन ब्लॉकमधला उंचीचा फरक मोजायचा आणि पट्टी तशीच ठेवून फोटो काढायचा. आपल्याकडं २० मिमीचा तसा नियम म्हणून दाखवता येणार नाही, पण सवय म्हणून तो आकडा चांगला आहे, कारण म्हातारी माणसं पाय उचलत नाहीत, घासत चालतात, आणि २ सेंटीमीटरची कड त्यांना पाडायला भरपूर झाली. चेंबरच्या झाकणाची चारही बाजूंनी तपासणी करा, झाकण फुटपाथच्या पातळीला आहे का, हलतं का, त्याला चीर गेलीय का, उघडं असेल तर फेरी तिथंच थांबवून आधी फोन करा आणि काहीतरी आडवं लावून ठेवा.

रुंदीचं माप घ्याच. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १०३ म्हणून पादचाऱ्यांच्या सोयींची मार्गदर्शिका आहे, त्यात अडथळ्याशिवाय चालायची जागा कमीत कमी १.८ मीटर रुंद, म्हणजे सहा फुटांच्या आसपास, आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळं पाहिजे असं सांगितलंय, बाजाराच्या भागात रुंदी अजून जास्त. फुटपाथची रस्त्यापासूनची उंची १५० मिमीच्या वर नको, म्हणजे अर्ध्या फुटाच्या आत. इथं लक्षात ठेवायचं ते एवढंच की माप भिंतीपासून कर्बपर्यंतचं, म्हणजे रस्त्याकडेच्या दगडापर्यंतचं घ्यायचं नाही, मोकळ्या जागेचं घ्यायचं. फुटपाथ दोन मीटर असेल पण मध्ये विजेचा खांब, बाजूला डीपीचा बॉक्स आणि त्याला टेकून जाहिरातीचा बोर्ड असेल तर चालायला शिल्लक राहतं दोन फूट, तेच दोन फूट लिहायचं.

उतार बघायला बाटलीतलं पाणी ओता. पाणी गटारीकडं गेलं पाहिजे, मीटरला साधारण २ सेंटीमीटर उतार असला की जातं. पाणी मध्ये थांबलं किंवा कुणाच्या फाटकाकडं वळलं तर ब्लॉक खचलेत.

सांगलीतल्या जमिनीबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे. आपल्याकडं बऱ्याच भागात काळी माती आहे, शामरावनगरकडं राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, तिच्यावर नीट मुरूम-खडीचा थर न दाबता फुटपाथ केला तर दोन पावसाळ्यांत तो लाटेसारखा होतो, मग वरचे ब्लॉक कितीही भारी असू द्या. त्यात पूर. २००५, २०१९, २०२१, कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलेलं २०१९ मध्ये आपण बघितलंय. पाणी ओसरलं की गाळ काढतात, धुऊन घेतात, फुटपाथ स्वच्छ दिसतो, पण उतरणारं पाणी जोडातली आणि खालची वाळू घेऊन गेलेलं असतं. म्हणून पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर पाणी उतरल्यावर महिन्याभरानं टाचेची फेरी परत मारा, त्याच वेळी मारून उपयोग नाही, कारण ओली माती थोडे दिवस ब्लॉकला धरून ठेवते. साताऱ्यात पूर नाही पण अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं गाव आहे, तिथं पावसाचं पाणी जोरात खाली येतं आणि फुटपाथच्या कडेची माती कापतं, त्यामुळं तिथं कर्ब आधी बघायचा. कर्बचा दगड सरकला की आतले ब्लॉक एकामागून एक मोकळे होतात.

नोंद कशी लिहायची. एका जागेला एक ओळ. तारीख, वेळ, जागेची खूण अशी की नवा माणूस सुद्धा पोचेल, म्हणजे अमुक चौकाकडून तमुक शाळेकडं जाताना डाव्या हाताला, खांब नंबर इतका, त्याच्या पुढं चार पावलं. विजेच्या खांबावर नंबर असतो, ती सगळ्यात चांगली खूण, दुकानाचं नाव बदलतं, खांब बदलत नाही. मग दोष काय, माप किती, किती ब्लॉक, आणि तिथून कोण जातं, शाळा आहे का, दवाखाना आहे का. मी आमच्या पाचशे मीटरमध्ये १४ जागा लिहिल्या होत्या, त्यातल्या ३ जागा लाल पेनानं वर घेतल्या, कारण सगळंच तातडीचं म्हणलं की काहीच तातडीचं राहत नाही.

हा कागद दोन प्रतींत प्रभाग समितीच्या ऑफिसात आवक-जावक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. शिक्का घेतल्याशिवाय घरी येऊ नका, पुढचं सगळं त्या नंबरावर चालतं. सोबत राज्य सरकारच्या आपले सरकार पोर्टलवर पण टाकून ठेवा.

आत गेल्यावर काय होतं ते माहीत असलं की वाट बघणं सोपं जातं. कनिष्ठ अभियंता जागा बघतात. चार-सहा ब्लॉक बसवायचे असतील तर मुकादम आणि माणसं पाठवून किंवा दुरुस्तीचा वार्षिक ठेका ज्याला दिलाय त्याच्याकडून होऊन जातं, हे आठवड्या-पंधरा दिवसांत व्हायला हरकत नाही. पण पन्नास मीटर उखडून नव्यानं करायचं असेल तर मग अंदाजपत्रक, ते दरसूचीप्रमाणं म्हणजे सरकारी दरांच्या यादीप्रमाणं बनतं, मग तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, त्याला महिने जातात आणि तुम्ही रोज फोन केला तरी जातात. म्हणून अर्जातच दोन भाग करा, आत्ता धोका काढायचा तो वेगळा आणि कायमचं काम वेगळं. नाहीतर मोठ्या कामाची मंजुरी येईपर्यंत सुटलेला ब्लॉक तसाच राहतो.

अजून एक प्रश्न विचारायचा जो बहुतेक लोक विचारत नाहीत, हे काम आधी कधी झालं आणि दोषदायित्व कालावधी संपला का. नवं काम केल्यावर ठराविक काळ त्यातले दोष ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचे असतात, त्यासाठी त्याची अनामत रक्कम पालिकेकडं अडकलेली असते. तो काळ चालू असेल तर नवीन पैसा लागतच नाही, फक्त ठेकेदाराला पत्र जायला पाहिजे, आणि ते पत्र तुमच्या मापाच्या कागदावर निघतं. आमच्यासारखं केबलवाल्यांनी खोदलेलं असेल तर खोदाईची परवानगी मागा, त्यात किती मीटर खोदायचं आणि पूर्ववत कुणी करायचं ते लिहिलेलं असतं. आमच्या केसमध्ये ते कागद निघाल्यावर चर भरणाऱ्या ठेकेदारालाच परत बोलावलं गेलं.

हे कागद तोंडी मागून मिळाले तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकार. साध्या कागदावर जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, महाराष्ट्राचा नियम आहे तो. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. मागायचं काय, तर कार्यादेशाची प्रत, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) त्या कामाची पानं, आणि दोषदायित्वाची शेवटची तारीख. आणि २००५ च्या या कायद्यात कागदांपुरताच हक्क नाही, प्रत्यक्ष काम तपासायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचा पण हक्क आहे, हे मला कळलं तेव्हा मी दोनदा वाचून खात्री केली. म्हणजे अंदाजपत्रकात ६० मिमीचा ब्लॉक लिहिला असेल तर जागेवर ६० मिमीचाच आहे का ते बघायला मागता येतं.

दाद लागलीच नाही तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकून घेतात तो दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पण अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो.

कुणी पडलं, लागलं तर भावनेच्या भरात आधी भांडायला जाऊ नका, आधी जागेचा फोटो काढा, कारण दुसऱ्या दिवशी कुणीतरी ब्लॉक सरळ करून जातं. दवाखान्याचे केसपेपर, एक्स-रे, बिलं, कुणी बघितलं त्यांची नावं हे सगळं एका फाईलमध्ये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रस्त्यावरचे खड्डे आणि उघडी मॅनहोल यांच्यामुळं जीव गेला तर वारसांना ६ लाख आणि जखमींना दुखापतीप्रमाणं ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचा आदेश दिलाय. तुमची केस त्यात बसते का ते जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा.

अतिक्रमणाचं मात्र जपून. महापालिका अधिनियमाच्या कलम २३१ प्रमाणं आयुक्तांना रस्त्यावरचे अडथळे नोटीस न देता काढता येतात हे खरं, पण टोपलीभर भाजी घेऊन बसलेल्या मावशींना उठवून फुटपाथ सुधारत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समिती आणि विक्रीच्या जागा ठरवायची पद्धत दिलीय, तिथं मागणी करा की जागा आखून द्या आणि चालायची पट्टी मोकळी ठेवा. आणि फेरी मारताना आपल्याच फाटकासमोर गाडी चढवायला केलेला सिमेंटचा उतार फुटपाथवर किती आलाय तो पण मोजा. आमचा दीड फूट आलेला निघाला. नोंदीत पहिली ओळ आमच्याच घराची लिहिली आणि अर्ज द्यायच्या आधी तो फोडून घेतला.

झाडाच्या मुळांनी ब्लॉक उचलले असतील तर मूळ तोडायला सांगू नका, झाड पुढच्या वादळात आडवं होतं. झाडाभोवती निदान मीटरभर जागा मातीची ठेवायची आणि फुटपाथ बाजूनं वळवायचा.

शेवटी काम चालू असताना तासभर तिथं उभं राहा, वाद घालायला नाही, बघायला. ब्लॉक काढल्यावर खालची माती खणून काढली का, मुरूम-खडी टाकून पाणी मारून दाबली का, त्यावर वाळूचा थर २० ते ४० मिमीचा एकसारखा ओढून घेतला का. वाळू जास्त टाकून उंची भरून काढतात, ती जागा पुढं हमखास खचते. ब्लॉक मांडले की कंपन देणारं प्लेटचं मशीन फिरलं पाहिजे, नुसतं हातोड्याच्या दांड्यानं ठोकून भागत नाही, आणि मग बारीक कोरडी वाळू झाडूनं जोडात भरायची, जोड २ ते ४ मिमीचा. ओली वाळू वरच अडकते, आत जात नाही. आमच्याकडं मिस्त्रीनं वाळू आणली ती ओली होती, मी म्हटलं भाऊ ही उन्हात पसरू आपण, तर त्यांनीच ताडपत्री काढून दिली आणि दुपारी तीनला काम परत सुरू केलं.

पहिल्या पावसानंतर जोडातली वाळू खाली बसते आणि जोड परत रिकामे दिसायला लागतात. पंधरा-वीस दिवसांनी एकदा टाचेची फेरी मारा, आणि जोड अर्ध्यापेक्षा जास्त रिकामे असतील तर त्याच आवक नंबरावर एक ओळीचं पत्र द्या, वाळू परत भरून द्यावी म्हणून. घमेलंभर वाळूचं काम असतं ते.